माशाखाली, साडेसात वाजता

२७ वर्षं मी एका सहकारी बँकेत कॅश काउंटरवर काढली. ओटीपी कुणाला सांगू नका, कोऱ्या चेकवर सही करू नका, असं काचेपलीकडच्या किती जणांना बजावलं असेल त्याची गणतीच नाही. आणि मागच्या जूनमध्ये बार्सिलोनात मी स्वतःच्या हाताने एका माणसाला ७० युरो मोजून दिले. मोजून म्हणजे अगदी रीतसर. एक पन्नासची, एक वीसची, दोन्ही नोटा सुलट करून. सवय! वर पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटोही पाठवला.

मुलगी नेदरलँड्सला नोकरीला असते. तिला सुट्टी नव्हती, म्हणून पाच रात्री मी एकटीच बार्सिलोनाला गेले. हॉटेलांचे दर बघून डोळे पांढरे झाले. तिनेच सुचवलं, "आई, हॉस्टेलमध्ये राहा, बायकांची वेगळी डॉर्म असते, गप्पा मारायला माणसंही मिळतील." माणसं मिळाली, त्यात खोट नाही. जुन्या शहरातल्या गल्लीत, प्लासा रेयाल या चौकापासून चार मिनिटांवर जागा. तरुणपणी गाउदीने केलेले दिव्याचे खांब त्या चौकात अजून उभे आहेत. आठ खाटांची खोली, माझं वय बघून एका कोरियन मुलीने आपणहून मला खालची खाट दिली. रेल्वेत लोअर बर्थसाठी भांडणारी मी, तिथेच निम्मी विरघळले.

निघताना सगळ्यांनी एकच धाक घातला होता, पाकीटमारांचा. त्या शहरात, विशेषतः ला रांब्ला या रस्त्यावर आणि मेट्रोत, तो धाक खराच आहे. मी परकरासारखा आतून खिसा शिवून घेतला होता, लॉकरसाठी घरून कुलूप नेलं होतं, पर्स लेकरासारखी पोटाशी धरून चालत होते. पाच दिवसांत कुणी बोटसुद्धा लावलं नाही. सगळी राखण दारावर केली आणि चोर स्वयंपाकघरात बसून वांगी भाजत होता.

त्याला आम्ही शेफ म्हणायचो. पस्तिशीचा असेल, कमरेला ॲप्रन, चार भाषा सराईत. तो हॉस्टेलचा माणूस आहे असं तो एकदाही म्हणाला नाही, हे मला नंतर आठवून आठवून लक्षात आलं. म्हणायची गरजच नव्हती. अशा हॉस्टेलांमध्ये काही तरुण रोज चार तास काम करतात आणि बदल्यात फुकट राहतात, त्यामुळे कामाचा कोण आणि पाहुणा कोण हे बघून कळत नाही. ॲप्रन बघून आम्हाला वाटलं तो कर्मचारी. रिसेप्शनवरच्या पोरांना वाटलं, एक हौशी पाहुणा आहे, सगळ्यांना जेवायला घालतोय, चांगलंच आहे की. या दोन समजांच्या मधल्या फटीत तो राहत होता.

पहिल्या संध्याकाळी त्याने माणशी ८ युरो गोळा केले. आम्ही ११ जण. मी शाकाहारी म्हटल्यावर माझ्यासाठी वेगळा तवा ठेवला. वांगी आणि ढोबळी मिरची भाजून, सोलून, वरून ऑलिव्ह तेल. कातालान लोक, म्हणजे बार्सिलोनाच्या कातालोनिया प्रांतातले, त्याला एस्कालिवादा म्हणतात. म्हणजे आपलं भरीतच, फोडणी विसरलेलं. जोडीला पावावर टोमॅटो चोळून दिलेला. जेवणं झाल्यावर त्याने सुपरमार्केटचं बिल टेबलावर ठेवलं, ७२ युरो ६० सेंट, आणि प्रत्येकाच्या हातावर १ युरो ४० सेंट परत दिले. मी मनातल्या मनात हिशेब केला. माणशी ६.६०, अकरा माणसं. टॅली झाली.

त्या १ युरो ४० मध्ये मी विकली गेले.

बँकेत असे कर्जदार मी कमी पाहिले नव्हते. पहिलं पंचवीस हजारांचं कर्ज मुदतीआधी फेडतात, पेढे घेऊन येतात, साहेबांच्या मुलाच्या लग्नालाही हजर असतात. मग पंधरा लाखांची फाईल येते, आणि पुढे वसुलीची माणसं गेली की दाराला कुलूप. हे सगळं ठाऊक असून तिथे डोळ्यांवर झापड का आली? मला वाटतं, काउंटरवर काच असते. इथे काच नव्हती, समोर भरीत होतं.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातल्या पांढऱ्या फळ्यावर नवी ओळ दिसली. फळा हॉस्टेलचा. त्यावर रोजचे कार्यक्रम लिहिलेले असत, पायी शहरदर्शन, सांग्रियाची संध्याकाळ, पत्त्यांचे डाव. त्यांच्याच मध्ये, त्याच हिरव्या मार्करने, 'सांत जुआनची रात्र, बोट, ७० युरो, जागा १४' आणि शेजारी शिडाच्या होडीचं छोटंसं चित्र.

सांत जुआन म्हणजे २३ जूनची रात्र, वर्षातल्या सगळ्यात छोट्या रात्रींपैकी एक. तिकडे ती आपल्या होळीसारखी आणि दिवाळीसारखी एकाच वेळी साजरी होते. पिरेनीजमधल्या कानिगो डोंगरावरून ज्योत गावोगाव नेतात, चौकाचौकांत होळ्या पेटतात, कोका नावाचा साखरेच्या फळांचा गोड पाव खातात, आणि फटाके असे की आपली लक्ष्मीपूजनाची रात्र सौम्य वाटावी. सगळं शहर समुद्राकाठी लोटतं. ही आतषबाजी पाण्यावरून बघायची, ही कल्पनाच अशी होती की चौदा जागा दीड दिवसात भरल्या.

पैसे रोख का, हे एका आयरिश पोराने विचारलं होतं. उत्तर तयार होतं. स्पेनमध्ये आपल्या यूपीआयसारखं बिझुम चालतं. "बोटवाला बिझुमच घेतो, त्याला स्पॅनिश बँकेचं खातं लागतं, तुमच्यापैकी कुणाकडे आहे? मग मला रोख द्या, मी एकदम भरतो." बिझुम खरं आहे, खात्याची अटही खरी आहे. खोटं फक्त शेवटचं वाक्य होतं. आणि सुट्टे युरो देण्याची सवय तर तिथे पहिल्या तासातच लागते. पर्यटक कर वेगळा, टॉवेलचं भाडं वेगळं, कुलूप हवं तर त्याचे वेगळे. प्रत्येक वेळी कुणीतरी हसतमुखाने मागतं आणि आपण देतो.

पासपोर्टचंही तसंच. स्पेनमध्ये राहण्याच्या जागेवर पाहुण्यांची ओळख नोंदवून सरकारला कळवावी लागते, त्यामुळे रिसेप्शनवर पासपोर्ट दाखवावाच लागतो. एकदा दाखवलेला असला की दुसऱ्यांदा मागणारा परका वाटत नाही. "बंदरात प्रवाशांची यादी द्यावी लागते, पहिल्या पानाचा फोटो ग्रुपवर नको, मला वेगळा पाठवा." ग्रुपवर नको! म्हणजे आमच्या गोपनीयतेची काळजी त्यालाच. मी जन्मभर लोकांच्या केवायसीच्या झेरॉक्सवर 'फक्त खाते उघडण्यासाठी' असं आडवं लिहून, तारीख टाकून सही घ्यायचे. स्वतःचं पान मात्र तसंच कोरं पाठवलं. पैशांपेक्षा हे जास्त लागलं. ७० युरो म्हणजे सात हजारांच्या आसपास, गेले. तो फोटो कुठे फिरतोय ते मला आजही ठाऊक नाही.

एक प्रश्न रिसेप्शनवर विचारला असता तर सगळं तिथेच थांबलं असतं. "ही बोट तुमची का?" पंधरा पावलांवर होतं ते रिसेप्शन. पण ज्याने आपल्यासाठी वेगळा तवा ठेवला त्याची चौकशी करायची म्हणजे कसंतरीच वाटलं. भीड ही भिकेची बहीण, हे माझी आजी सांगायची. बार्सिलोनात तिचीच आठवण यावी!

भेटायची जागा ठरली होती पोर्ट ऑलिंपिकजवळचा मासा. १९९२च्या ऑलिंपिकच्या वेळी फ्रँक गेरी या वास्तुकाराने केलेलं प्रचंड धातूचं शिल्प आहे ते, उन्हात सोन्यासारखं चमकतं. त्याच्याखाली साडेसात वाजता आम्ही जमलो. अर्जेंटिनाच्या दोन बहिणी नटून आलेल्या, कोरियन मुलीने कोका आणलेला, आणि आयरिश पोराच्या खांद्यावर अख्खं कलिंगड. ७ वाजून ५० मिनिटांनी शेफचा मेसेज आला, 'पार्किंग शोधतोय, दहा मिनिटं.' तिथे जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे उशीर झालाय हे आभाळ सांगत नाही. आठ वाजले. सव्वाआठला मी पाठवलेल्या मेसेजवर एकच टिक राहिली. मग त्याचा फोटो गेला आणि तिथे तो राखाडी गोल आला.

कुणीच मोठ्याने काही बोललं नाही. त्या पोराने कलिंगड खाली ठेवलं आणि तेव्हा सगळ्यांना कळलं.

एक तास आम्ही धक्क्यावर बोटी शोधत फिरलो, वेड्यासारखे. बोटीचं नाव कुणालाच माहीत नव्हतं. चौदा शिकलेली माणसं, आणि बोटीचं नाव, धक्क्याचा क्रमांक, कंपनी, यांतलं काही एकानेही विचारलेलं नाही. खऱ्या धंद्याच्या बिलावर एनआयएफ हा कर क्रमांक असतो, आपल्या जीएसटी क्रमांकासारखा. आमच्याकडे बिल नव्हतं, त्याच्या वहीत आमच्या नावांपुढे केलेल्या बरोबरच्या खुणा होत्या. त्या खुणा करताना तो नाव नीट लिहिलंय ना, असं प्रत्येकाला दाखवायचा.

शेवटी शेजारच्या पुळणीवर बसून खिशातल्या चाकूने ते कलिंगड कापलं. फटाके पाहिले. खरं सांगायचं तर रात्र वाईट गेली नाही, आणि हे कबूल करताना मला आणखीच राग येतो.

हॉस्टेलवर परतलो तर कळलं, त्याने सकाळीच खोली सोडली होती. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, तो पाहुणा होता, आमचा कर्मचारी नाही, आणि त्याची माहिती आम्ही फक्त पोलिसांना देऊ शकतो. दोन्ही गोष्टी नियमाने बरोबर. मी वाद घातला नाही, तक्रारीचा अधिकृत फॉर्म मागितला. कातालोनियात प्रत्येक दुकानाला, हॉटेलला तो ठेवावा लागतो आणि मागितल्यावर द्यावाच लागतो. 'फुल दे रेक्लामासिओ' म्हटलं की समोरच्याची बसण्याची पद्धत बदलते. त्यात मी माणसाबद्दल कमी आणि फळ्याबद्दल जास्त लिहिलं. तुमच्या फळ्यावर तुमच्याच मार्करने कुणीही उठून पैशांचा कार्यक्रम लिहू शकतो आणि दोन दिवस तो तिथे राहतो, हा दोष तुमचा.

दुसऱ्या दिवशी, २४ला, तिकडे सार्वजनिक सुट्टी. पोलीस ठाणं मात्र उघडं होतं, नोऊ द ला रांब्ला रस्त्यावरचं, मोसोस द'एस्क्वाद्रा म्हणजे कातालान पोलिसांचं. बाकांवर फोन गेलेले, पाकिटं गेलेली माणसं. आमच्यातले चौघेच आले. बाकीच्यांची विमानं होती, किंवा सत्तर युरोंसाठी सुट्टीचा दिवस कोण घालवणार, किंवा सरळ लाज वाटत होती. त्याचा हिशेब हाच असणार. माणशी सत्तर म्हणजे कुणी उठून तक्रारीला जाणार नाही, आणि गेला तरी स्पेनच्या कायद्यात ४०० युरोंपर्यंतची फसवणूक किरकोळ गुन्ह्यात धरली जाते. चौदा जणांचे मिळून ९८० होतात. म्हणून आम्ही चौघांनी एकत्र बसून, चौदाच्या चौदा नावांची यादी जोडून, ग्रुपवरच्या मेसेजचे स्क्रीनशॉट देऊन तक्रार लिहिली. पासपोर्टची प्रत दिली आहे, हे मी आग्रहाने त्यात घालायला लावलं. उद्या माझ्या नावावर कुठे सिमकार्ड निघालं किंवा खोली भाड्याने घेतली गेली, तर २४ जूनचा शिक्का मारलेला कागद माझ्याकडे हवा. प्रवास विम्यातून काही मिळालं नाही. स्वतःच्या हाताने दिलेले पैसे माझ्या पॉलिसीत चोरी धरत नाहीत.

मुलीला फोनवर सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "नोटा मोजून दिल्यास ना?" आणि आम्ही दोघी हसत सुटलो. नंतर ती फोन ठेवून रडली असेल, मला ठाऊक आहे.

पुढच्या वेळीही मी हॉस्टेललाच उतरेन. वर्गणी काढून जेवायचं तर जेवेन. समोर भाजी येते, बिल येतं, फसले तरी ८ युरोंना फसेन. पण जे उद्या मिळणार आहे त्याचे पैसे स्वयंपाकघरात कुणाच्या हातात द्यायचे नाहीत, एवढं ठरवलंय. आणि पासपोर्टची एक प्रत आता फोनमध्ये वेगळी ठेवली आहे, फोटोवरून आडवी रेघ मारून 'फक्त मुक्कामाच्या नोंदीसाठी' असं इंग्रजीत लिहिलेली. तारीख त्या त्या वेळी टाकते.

२५ला सकाळी निघताना चहासाठी स्वयंपाकघरात गेले. फळ्यावर ती ओळ तशीच होती, होडीच्या चित्रासकट. आदल्या रात्री आलेली दोन मुलं तिच्यापुढे उभी राहून मला विचारत होती, अशी बोट परत कधी आहे. मी आधी फळ्याचा फोटो काढला. मग ओट्यावरचं फडकं घेतलं आणि ओळ पुसली. होडी सहज निघेना, दोनदा पाणी लावावं लागलं.