रिपोर्टची वही की व्हॉट्सॲप?

लहान दवाखान्यात रिपोर्टचा माग ठेवायला साधारण हे दोनच मार्ग असतात. लॅब थेट व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवते: पेशंटचा हेलपाटा वाचतो, डॉक्टर जेवतानाही बघू शकतात. वेगात वही याच्या पासंगालाही पुरत नाही.

पण व्हॉट्सॲपवर दिसतो तो आलेला रिपोर्ट. न आलेला कोण दाखवणार? लघवीच्या कल्चरला (जंतू वाढवून बघायच्या तपासणीला) दोन-तीन दिवस लागतात, बायोप्सीला त्याहून जास्त. तोवर तो पेशंट शंभर 'गुड मॉर्निंग'खाली गाडला गेलेला असतो. वहीत तारीख, नाव, तपासणी, रिपोर्ट आला का, पेशंटला कळवलं का, असे रकाने आखले की रिकामा रकानाच बोलतो. कंपाउंडरने रोज संध्याकाळी पाच मिनिटं त्यावर बोट फिरवायचं, झालं. (अर्थात कंपाउंडर रजेवर गेला की वहीही रजेवर जाते.)

पुढच्या तपासणीचंही तसंच. थायरॉइडचा डोस बदलला की ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) परत करायचा असतो. ही आठवण व्हॉट्सॲप आपणहून देत नाही. वहीत निदान त्या तारखेच्या पानावर नाव लिहून ठेवता येतं. क्षयरुग्णाची नोंद मात्र सरकारच्या निक्षय पोर्टलवर करावीच लागते, तिथे वहीवर भागत नाही.

माझं मत वहीच्या बाजूने. रिपोर्ट खुशाल मोबाइलवर येऊ द्या, पण 'कळवलं'ची खूण पेनानेच करा, आणि तीही पेशंटशी बोलणं झाल्यावर. निळ्या टिकांवर विसंबू नका. फोन बऱ्याचदा नातवाच्या हातात असतो.