फ्लोराइडचं पाणी: आरओ की अ‍ॅल्युमिनाचा फिल्टर?

बोअरच्या पाण्यात लिटरला 3 मिलिग्रॅम फ्लोराइड निघालं की हा प्रश्न पडतोच. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा 1.5 आहे. (उकळून भागत नाही. वाफ जाते, फ्लोराइड मागे राहून उलट दाट होतं.)

आरओ साधारण 90 टक्के फ्लोराइड अडवतो, पण सोबत कॅल्शियमही काढतो. वीज लागते, पाणी बरंच वाया जातं. अ‍ॅल्युमिनाचा फिल्टर (अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे सच्छिद्र दाणे, जे फ्लोराइड धरून ठेवतात) विजेविना चालतो. त्याची पकड पीएच (पाणी किती आम्ल वा अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) 5.5 ते 6 ला सर्वांत घट्ट असते, 8 च्या पाण्यात बरीच ढिली पडते. खरी गोम पुढे आहे: दाणे भरले की फ्लोराइड गुपचूप पुढे जाऊ लागतं. चव, रंग काहीच बदलत नाही, म्हणून दरमहा तपासणी हवी. मग दाणे कॉस्टिक सोड्याने धुऊन आम्लाने पीएच खाली आणायचा. हे काम स्वयंपाकघरात करायचं नव्हे.

कॅल्शियम आतड्यातच फ्लोराइडला बांधतं, शोषण घटतं. असं पाणी पिणाऱ्या मुलांच्या आहारात कॅल्शियम कमी असेल तर त्यांची हाडं लवकर वाकतात. आरओवाल्यांनी दूध-दह्याकडे जास्त लक्ष द्यावं. फ्लोराइडमुळे दातांवर पडलेले डाग मात्र आहाराने जात नाहीत.

पाणी खारटही असेल तर आरओच. फक्त फ्लोराइड जास्त आणि दाणे धुऊन देणारं कुणी हाताशी असेल तर अ‍ॅल्युमिना.