सैतानाचा आवाज कसा असावा? ऐकण्याजोग्या तीन ख्रिस्ती थरारकथा

यंदाच्या उपवासकाळात आमच्या पॅरिशमधल्या तरुण मुलांनी मिळून एखादं ऑडिओ नाटक ऐकायचं ठरवलं आहे. अट त्यांचीच: गोष्ट ख्रिस्ती हवी आणि अंगावर काटाही यायला हवा. कोणतं निवडावं हे विचारायला ती माझ्याकडे आली. तेव्हापासून बोरिवली-चर्चगेट लोकलमध्ये आणि रात्री घरी मी तीन नाटकं आलटून पालटून ऐकली. तिन्ही इंग्रजीत आहेत.

मराठी ख्रिस्ती माणसाला धर्मकथा कानांनी घ्यायची सवय जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण १६१६ साली छापलं गेलं ते ओव्यांत; एकाने म्हणावं आणि बाकीच्यांनी ऐकावं असंच ते आहे. आमची आजी आकाशवाणीवरची श्रुतिका चुकवायची नाही. त्यामुळे माझी पहिली कसोटी कानाचीच आहे: वाईटाचा आवाज कसा काढलाय, आणि तो ऐकून माणूस देवाकडे वळतो की नुसताच घाबरतो?

'द स्क्रूटेप लेटर्स' हे सी. एस. लुईस यांचं १९४२ सालचं पुस्तक. फोकस ऑन द फॅमिली या अमेरिकी ख्रिस्ती संस्थेच्या रेडिओ थिएटरने २००९ मध्ये त्याचं नाट्यरूप आणलं. त्यात स्क्रूटेप झालाय अँडी सर्किस, 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' चित्रपटांतल्या गॉलमचा आवाज तोच. एक मुरलेला सैतान आपल्या नवशिक्या पुतण्याला पत्रं लिहितो आणि एका साध्या इंग्रज तरुणाला देवापासून कसं तोडायचं ते शिकवतो. सर्किस कुठेही गुरगुरत बसत नाही. जुन्या कचेरीतला साहेब हाताखालच्या माणसाला काम समजावतो तसा तो बोलतो, आणि मला भीती त्याचीच वाटली. एका पत्रात तो त्या तरुणाचं आईशी रोजचं खटकणं कसं वाढवत न्यायचं ते सांगतो: तिच्या आत्म्यासाठी प्रार्थना करू दे, पण तिच्या संधिवाताकडे त्याचं लक्ष जाता कामा नये. मी ते ऐकलं तेव्हा आमच्या दोन खोल्यांच्या घरात आई पलीकडे भांडी लावत होती. इयरफोन काढले आणि तिच्या हातातली परात घेतली. भूत नाही, रक्त नाही, तरी इतक्या जवळ आलेला सैतान मी दुसरीकडे ऐकलेला नाही.

अडचणी दोन. सैतानाच्या तोंडी देवाला 'शत्रू' म्हटलंय, त्यामुळे प्रत्येक वाक्य मनात उलटं करून घ्यावं लागतं. पहिली काही मिनिटं गोंधळ होतो. आणि इंग्रजी जुन्या वळणाची, खोचक आहे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना मधेमधे थांबवून समजावावं लागेल. एका बैठकीत संपवू नका. दिवसाला एखादं पत्र पुरे.

'फादर गिल्बर्ट मिस्टरीज' त्याच रेडिओ थिएटरचं, पॉल मॅककस्कर यांनी लिहिलेलं. स्कॉटलंड यार्डचा डिटेक्टिव्ह नोकरी सोडून अँग्लिकन धर्मगुरू होतो, आणि इंग्लंडमधल्या एका गावात गुन्हे त्याची पाठ सोडत नाहीत. आवाज अॅड्रियन प्लास यांचा. ते स्वतः ख्रिस्ती लेखक आहेत, आणि बोलण्यातला थकवा व मायाळूपणा खरा वाटतो. इथे सैतान समोर येऊन बोलत नाही. दार करकरतं, कुणीतरी कुजबुजतं, आणि गिल्बर्ट आधी पोलिसासारखा पुरावा शोधतो, मग गुडघे टेकतो. हा क्रम मला फार आवडला. प्रत्येक चमत्कारिक गोष्टीला लगेच सैतानाचं नाव द्यायची सवय आपल्यातही आहे. हा धर्मगुरू ती घाई करत नाही, आणि अदृश्य जगाला नाकारतही नाही.

पण हे लोकलमध्ये ऐकू नका. यातली भीती शांततेत आहे. अंधेरीला गर्दी चढली की कुजबुज गेली, आणि कुजबुज गेली की गोष्टच गेली. बुधवारी नोव्हेनाच्या प्रार्थनेला माहीमच्या चर्चला जाताना मी एक अख्खा प्रसंग असा घालवला आणि रात्री पुन्हा ऐकला. तेव्हा पाणी प्यायला स्वयंपाकघरात जाताना दिवा लावून गेले.

तिसरं 'लेफ्ट बिहाइंड'. टिम लाहे आणि जेरी जेन्किन्स यांच्या १९९५ पासूनच्या कादंबरीमालेचं हे बहुआवाजी नाट्यरूप. लंडनला निघालेल्या विमानातून माणसं नाहीशी होतात, सीटवर कपडे तेवढे उरतात. पुढे ख्रिस्तविरोधक, म्हणजे शेवटच्या काळात ख्रिस्ताविरुद्ध उभा राहणारा, जगाची सूत्रं हातात घेतो. वेग जबरदस्त आहे. संवाद सगळं सांगून टाकतात, म्हणून विरारच्या गर्दीतही धागा सुटत नाही. केवळ प्रवासासाठी हवं असेल तर तिघांत हेच सोयीचं.

मी मात्र ते मुलांच्या हाती असंच देणार नाही. जगाच्या शेवटी येणाऱ्या महासंकटाआधी विश्वासणारे गुपचूप स्वर्गात उचलले जातील, या समजुतीवर ही कथा उभी आहे. ही मांडणी एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बी या धर्मोपदेशकापासून पसरली. कॅथलिक चर्च ती शिकवत नाही, आणि सगळे प्रोटेस्टंटही मानत नाहीत. मी दहा वर्षांची असताना शेजारच्या मावशींबरोबर एका प्रार्थनासभेला गेले होते. तिथे हेच ऐकलं. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर दार उघडं, घरात कुणी नाही. मी जिन्यात बसून रडले, कारण मला वाटलं सगळे गेले आणि मी राहिले. आई गच्चीवर बोंबील वाळत घालत होती. ती भीती पुढे कित्येक महिने गेली नाही, आणि तिने मला देवाच्या जवळ नेलं असं मी म्हणू शकत नाही. लावायचंच असेल तर आधी बायबलमधल्या थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राचा चौथा अध्याय एकत्र वाचा, आणि नंतर मुलांशी बोलायला मोठं कुणीतरी थांबा.

माझं उत्तर मुलांना कळवलं आहे: हॉलमध्ये सगळ्यांनी मिळून गिल्बर्ट, आणि स्क्रूटेप ज्याने त्याने घरी, रोज थोडं थोडं. पहिली बैठक शुक्रवारी, क्रुसाच्या वाटेची भक्ती झाल्यावर. हॉलचे पंखे फार आवाज करतात. तेवढा वेळ ते बंद ठेवायची परवानगी मी फादरांकडून घेतली आहे.