गुडघ्यासाठी गुग्गुळ की शल्लकी?

गुडघ्याचा एक्स-रे काढून झालाय, 'झीज आहे, वजन उतरवा' हे ऐकून झालंय आणि पेनकिलरने पित्त खवळतंय, म्हणून आता डिंकाच्या औषधांचा विचार चाललाय, अशांसाठी हे लिहितोय. ऱ्हुमॅटॉइड म्हणजे आमवातवाल्यांनी मेथोट्रेक्झेट हे त्यावरचं औषध सोडून यातलं काही धरू नये. तो आजार वेगळा.

मी आधी योगराज गुग्गुळ, म्हणजे गुग्गुळाच्या डिंकाची आयुर्वेदिक गोळी घेत होतो, आता शल्लकीच्या डिंकाचा अर्क घेतो. दोन्ही झाडं बर्सेरेसी कुळातलीच. गुग्गुळ कच्छ-राजस्थानच्या रखरखाटातलं काटेरी झुडूप, तर शल्लकी म्हणजे आपली सातपुड्यातली सालई.

आराम कशाने जास्त पडला? जिना उतरताना कठडा धरावा लागतो की नाही, हे माझं माप. गुग्गुळाने सकाळचा ताठरपणा बऱ्यापैकी गेला, शल्लकीने संध्याकाळची सूज कमी वाटली. उन्नीस-बीसचाच फरक म्हणा. थंडीच्या दिवसांत गुग्गुळ कदाचित काकणभर सरसही असेल.

पण ती गोळी! योगराजची गोळी दगडासारखी टणक. वैद्य सांगतात, अख्खी गिळू नका, कुटून किंवा चावून कोमट पाण्याबरोबर घ्या. चावली की तोंडातल्या उबेने डिंक मऊ होतो आणि दाढेत जो बसतो तो बसतोच. चूळ भरा, ब्रश करा, कडवटपणा हलत नाही. त्यावर घेतलेला सकाळचा चहा वाया. वर दुपारपर्यंत धुपाच्या वासाचे ढेकर. खलबत्त्यात कुटून पाहिलं, तर तो बत्त्याला चिकटला आणि घरात बोलणी बसली. औषध चांगलं असेल हो, पण रोज उठून टाळावंसं वाटतं ते औषध नियमाने घेतलं जात नाही, आणि असल्या दुखण्यात नियम मोडला की सगळंच फुकट.

शल्लकी कॅप्सूलमधून येते, हीच तिची निम्मी बाजू. फक्त उपाशीपोटी घेऊ नका. तिच्यातली बोस्वेलिक आम्लं स्निग्ध जेवणाबरोबर जास्त शोषली जातात, म्हणून मी वरणभातावर तूप असतं त्या वेळेला ती घेतो. 5-लायपॉक्सिजनेज नावाचं जे विकर सूज वाढवणारी रसायनं तयार करतं, त्याला ही आम्लं अडवतात. पेनकिलर अडवतात तो रस्ता वेगळा.

पुराव्याचं म्हणाल, तर 2003 साली नागपूरच्या डॉक्टरांनी गुडघ्याच्या 30 रुग्णांवर शल्लकीची चाचणी छापली. आठ आठवड्यांत दुखणं आणि सूज कमी, चालणं सुधारलेलं. एक्स-रेमध्ये मात्र काही फरक नाही. झीज भरून येईल या आशेवर कुणी बसू नये. आतड्याच्या क्रॉन रोगात तर 2011च्या जर्मन चाचणीत शल्लकी प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा सरस ठरली नाही.

गुग्गुळाचा बोलबाला जास्त कोलेस्टेरॉलसाठी. तिथेही 2003च्याच एका अमेरिकन चाचणीत वाईट कोलेस्टेरॉल उतरायचं सोडून थोडं वाढलं, आणि काहींच्या अंगावर पुरळ उठलं. प्रोप्रॅनोलॉल किंवा डिल्टियाझेम ही रक्तदाब-हृदयाची औषधं चालू असतील तर गुग्गुळामुळे त्यांचं शोषण कमी होतं, हे डॉक्टरांच्या कानावर घाला. महायोगराज, म्हणजे योगराजचाच भस्मं घातलेला प्रकार, तर मी वैद्यांच्या देखरेखीशिवाय घेणारच नाही, त्यात नागभस्म म्हणजे शिसं असतं.

शिवाय जास्त डिंकाच्या हव्यासाने वाट्टेल तशा चिरा पाडून गुग्गुळाची झुडपं वाळवली गेली. ती आता अतिसंकटग्रस्त यादीत आहेत. सालईलाही ओरबाडतातच, पण तिची अवस्था अजून तितकी वाईट नाही.

तुमचे वैद्य खात्रीचे असतील आणि चहाचं तुम्हाला फारसं सोयरसुतक नसेल, तर योगराज जरूर घेऊन बघा. माझी पुढची बाटली शल्लकीचीच.