लॅपटॉप चार्ज होत नाही म्हटल्यावर ‘मदरबोर्ड गेलाय’ सांगणाऱ्यांपासून जपून

अडॅप्टर लावलाय, लाइट लागलाय, लॅपटॉप चालू पण होतोय, पण बॅटरीचा आकडा काही वर सरकत नाही आणि कोपऱ्यात ‘प्लग्ड इन, नॉट चार्जिंग’ असं दिसतंय. अशा वेळी कोणी लॅपटॉप न उघडताच मदरबोर्ड गेलाय म्हणालं तर त्याच्या हातात लॅपटॉप देऊ नका. माझ्याकडून दुरुस्तीचे पैसे तर घेतलेच, वर चांगली चालणारी ओरिजिनल बॅटरी काढून घेऊन कॉपी बसवून दिली. हे कसं केलं आणि कसं पकडलं ते सगळं लिहितेय, जरा लांबेल.

आधी नेमकं काय होत होतं ते सांगते. बॅटरी उतरत उतरत 4 टक्क्यांवर आली आणि तिथेच अडकली. अडॅप्टर लावलेला असला की लॅपटॉप चालायचा पण एकदम मंद, दोन टॅब उघडले तरी धापा टाकायचा. आणि सुरू करताना काळ्या स्क्रीनवर एक मेसेज यायचा की अडॅप्टर कुठल्या प्रकारचा आणि किती वॅटचा ते ओळखता येत नाहीये. हा मेसेज लक्षात ठेवा, सगळी मेख त्यातच आहे.

कंपनीची हेल्पलाइन म्हणून शोधलं तर सगळ्यात वर जो नंबर आला तो जाहिरातीचा होता, नाव आणि लोगो अगदी कंपनीसारखाच. फोनवरचा माणूस एकदम गोड, आधी लॅपटॉपच्या तळावरचा सिरियल नंबर विचारला, त्यामुळे कंपनीचाच वाटतो. (तो नंबर घेऊन त्याने काहीही केलं नाही, नुसता लिहून घेतल्याचं नाटक.) मग रिमोटचं अ‍ॅप (ज्याने तो तिकडून माझा लॅपटॉप चालवू शकतो) टाकायला लावून त्याने इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची आपोआप लिहिली जाणारी नोंदवही, उघडला आणि लाल लाल एररची लांबच लांब यादी दाखवली, मॅडम बघा, बोर्ड किती खराब झालाय. आता हे माहीत असू द्या की इव्हेंट व्ह्यूअरमधे लाल आणि पिवळ्या नोंदी प्रत्येक धडधाकट कॉम्प्युटरवर असतात, आत्ता तुमच्या मशीनवर उघडलात तरी ढीगभर दिसतील, त्यांचा चार्जिंगशी काडीचा संबंध नाही. मी त्याला तो अडॅप्टरचा मेसेज पण सांगितला, तर म्हणे तोच तर मदरबोर्डचा एरर आहे.

माणूस पाठवून लॅपटॉप नेला, अडॅप्टरसकट. पासवर्ड पण मागितला, तो मी दिला नाही, चार्जिंगच्या दुरुस्तीला विंडोजमधे शिरायची गरजच नसते, बॅटरीचा टक्का आणि अडॅप्टर ओळखला जातोय का हे बऱ्याच लॅपटॉपमधे बायोसमधेच (विंडोज सुरू व्हायच्या आधीची सेटिंगची स्क्रीन) दिसतं. नंतर फोन, की चार्जिंग आयसी (बोर्डवरची चार्जिंग सांभाळणारी चिप) जळलाय, त्याने बॅटरी पण खाल्ली, बोर्ड आत्ता उघडलेला आहे तेव्हा लगेच हो म्हणा, नाहीतर शॉर्ट पसरून डेटा पण जाईल. विचार करायला वेळच द्यायचा नाही ही यांची पद्धत. पैसे कंपनीच्या नाही तर कुणाच्या तरी खासगी खात्यावर घेतले आणि बिल म्हणून एक पीडीएफ, त्यात ‘बोर्ड रिपेअर, बॅटरी, सर्व्हिस’ एवढंच, ना पार्ट नंबर ना वॉरंटीची ओळ.

लॅपटॉप परत आला तो चार्ज होत होता, मशीन पळत पण होतं. सोबत एक नवा अडॅप्टर दिला, ‘बॅटरीबरोबर फ्री’ म्हणे. आणि इथेच ते फसले, कारण बॉक्समधे माझा जुना अडॅप्टर पण तसाच परत आला होता. तो दुसऱ्या खोलीत ठेवावा म्हणून लावून बघितला तर तोच काळा स्क्रीन, तोच मेसेज, चार्जिंग बंद! आता तुम्हीच सांगा, बोर्ड जळला होता आणि बोर्ड दुरुस्त झाला, तर जुन्या अडॅप्टरवर तेच रडगाणं कसं काय?

माझा एक मित्र बोर्ड लेव्हलचं काम, म्हणजे मदरबोर्डवरचे बारीक पार्ट दुरुस्त करायचं काम, करतो, त्याला विचारल्यावर त्याने आधी अडॅप्टरच्या पिनकडे बघायला सांगितलं. काही लॅपटॉपच्या गोल पिनमधे मधोमध अजून एक सुईसारखी बारीक पिन असते. वीज तिच्यातून येत नाही, अडॅप्टरच्या आत एक छोटी चिप असते ती या पिनमधून लॅपटॉपला सांगते की मी इतक्या वॅटचा आहे. ही पिन वाकली किंवा केबल पिनजवळ आतल्या आत तुटली की बाकी वीज येत राहते म्हणून लॅपटॉप चालतो, पण अडॅप्टरची ओळख न पटल्यामुळे तो बॅटरी चार्ज करत नाही आणि प्रोसेसरचा वेग पण मुद्दाम कमी ठेवतो. म्हणजे मंदपणा, अडकलेला टक्का आणि मेसेज, तिन्हीचं कारण एकच. माझ्या जुन्या अडॅप्टरची मधली पिन एका बाजूला कलंडलेली होती, नीट उजेडात बघितलं तर नुसत्या डोळ्यांना दिसते. म्हणजे फोनवर मी मेसेज वाचून दाखवला तेव्हाच त्या माणसाला कळलं असणार.

बॅटरी बदलली ते मला खरंच वाटत होतं, म्हणजे जुनी गेली असेल म्हणून नवी टाकली असेल असं. मित्र म्हणाला रिपोर्ट काढ. विंडोजमधे कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी, मग स्पेस, मग स्लॅश आणि त्याला जोडून बॅटरीरिपोर्ट असं इंग्रजीत टाइप करून एंटर मारायचं, फाइल कुठे सेव्ह झाली ते तिथेच लिहून येतं आणि ती ब्राउझरमधे उघडते. वरच बॅटरीची माहिती असते, कंपनी, सिरियल नंबर, डिझाइन कपॅसिटी म्हणजे नवी असताना किती मावायचं, आणि फुल चार्ज कपॅसिटी म्हणजे आता किती मावतं. पण खरी गंमत खाली आहे. ‘बॅटरी कपॅसिटी हिस्टरी’ नावाचा भाग असतो, त्यात आधीच्या तारखांना हे दोन आकडे किती होते ते विंडोजने लिहून ठेवलेलं असतं. माझ्याकडे डिझाइन कपॅसिटी सुरुवातीपासून 56,000 च्या आसपास (मिलिवॉट-अवर) आणि लॅपटॉप नेल्यानंतरच्या नोंदींमधे एकदम 41,000! डिझाइन कपॅसिटी वापरून कमी होत नाही, कमी होते ती फुल चार्जची, त्यामुळे हा आकडा असा बदलला की बॅटरीच बदलली. आणि जी काढून घेतली ती लॅपटॉप नेण्याआधी 49,000 पर्यंत चार्ज होत होती, म्हणजे नव्याच्या 87 टक्के. ही म्हणे बोर्डने खाल्लेली बॅटरी! नव्या बॅटरीच्या सिरियल नंबरच्या जागी काहीच नाही, आणि बॅकअप आधीपेक्षा कमी मिळतोय हे जे मला वाटत होतं ते भास नव्हतं.

मग मित्राने लॅपटॉप उघडला. चार्जिंग आयसीच्या आजूबाजूला सोल्डरिंगची एकही खूण नाही, फ्लक्सचे (सोल्डर करताना लावतात तो चिकट पदार्थ) डाग नाहीत, फॅक्टरीतून आला तसाच बोर्ड. त्याने फोटो काढून दिले. जे काम नुसता अडॅप्टर बदलून होतं त्याच्यासाठी मला बोर्ड रिपेअरचं बिल लावलं.

फोन केला तर आधी ‘रिपोर्ट चुकीचा असतो मॅडम’, मग ‘विंडोज अपडेटमुळे आकडे बदलतात’, जुनी बॅटरी परत द्या म्हटल्यावर ‘ती स्क्रॅपला गेली’, आणि त्यानंतर नंबरच बंद. लॅपटॉपच्या कंपनीची खरी हेल्पलाइन त्यांच्या वेबसाइटवरून काढून विचारलं तर माझ्या सिरियल नंबरवर दुरुस्तीची कसलीही नोंदच नाही. बँकेत तक्रार टाकलीये, रिपोर्ट आणि बोर्डचे फोटो जोडून, अजून उत्तर नाही. ती जाहिरात पण रिपोर्ट केली, तर थोड्याच दिवसांत तसलीच जाहिरात वेगळ्या नंबरने परत वर.

तुमचा लॅपटॉप चार्ज होत नसेल तर कुणाला फोन लावायच्या आधी तेवढ्याच वॅटचा, त्याच मॉडेलला चालणारा दुसरा अडॅप्टर कुणाकडून तरी मागून लावून बघाच, निम्मा गोंधळ तिथेच मिटतो. टाइप-सी वाला लॅपटॉप असेल तर केबल पण बदलून बघा, साध्या केबलमधून 60 वॅटच्या वर जात नाही, 100 वॅटला 5 अँपिअरची, आत चिप असलेली केबल लागते, आणि दोन-तीन पोर्टच्या चार्जरला मोबाइल पण लावलेला असेल तर वॅट वाटले जातात. काही लॅपटॉपचा एखादा टाइप-सी पोर्ट नुसता डेटाचा असतो, तिथे कितीही लावा चार्ज होणार नाही. आकडा बरोबर 80 किंवा 60 ला थांबत असेल तर तो बहुतेक वेळा बिघाडच नसतो, बॅटरी जास्त टिकावी म्हणून दिलेली मर्यादा असते, लेनोवोमधे कॉन्झर्वेशन मोड, आसूसमधे बॅटरी हेल्थ चार्जिंग, अशी नावं आहेत, बंद करता येते. अडॅप्टर काढून, लॅपटॉप पूर्ण बंद करून पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरलं तरी कधी कधी अडकलेलं चार्जिंग सुरू होतं, माझ्याकडे नाही झालं पण करायला काय जातंय.

आणि तरीही द्यायचाच झाला तर रिपोर्ट आधी काढून स्वतःला मेल करा, बॅटरीचा सिरियल नंबर देतानाच्या पावतीवर लिहून घ्या आणि बदललेला प्रत्येक पार्ट परत पाहिजे असं देतानाच सांगा. हे ऐकून जो कटकट करायला लागेल त्याच्याकडे देऊच नका.

मी सध्या तीच कॉपी बॅटरी वापरतेय, ओरिजिनल मागवलीये ती येईपर्यंत. मित्राने एवढंच सांगितलंय की रात्रभर चार्जिंगला लावून ठेवायचं नाही आणि टचपॅड वर उचलल्यासारखा वाटला किंवा लॅपटॉप टेबलावर डुगडुगायला लागला तर बॅटरी फुगतेय समजून लगेच बंद करायचा, अडॅप्टर काढायचा, आणि ती दाबायची नाही की टोचायची नाही.