फोरस्टे बदलला म्हणून पैसे घेतले, आत जुनीच तार

ज्यांच्याकडे जुनी शिडाची बोट आहे किंवा जे घ्यायच्या विचारात आहेत त्यांनी प्लीज हे वाचा. माझे 1 लाख 40 हजार गेले ते गेले, पण त्या दिवशी मास्ट म्हणजे डोलकाठी आमच्या डोक्यावर आली असती.

माझी बोट 26 फुटी, फायबरची, चाळीसेक वर्षं जुनी. मास्ट धरून ठेवणाऱ्या तारा, म्हणजे पुढचा फोरस्टे, मागचा बॅकस्टे आणि दोन्ही बाजूंचे श्राऊड, शेवटच्या कधी बदलल्या ते आधीच्या मालकालाही आठवत नव्हतं. स्टेनलेसच्या तारा साधारण 10-15 वर्षांनी बदलाव्यात असं म्हणतात, त्यात आपली खारी दमट हवा, म्हटलं एकदाच सगळं नवीन करून टाकू. पावसाळ्यात बोट वर काढलेली होतीच. ओळखीतून एक रिगर, म्हणजे या तारांचं काम करणारा, मिळाला, बोलायला एकदम गोड, साहेब सगळं 316 स्टेनलेसमध्ये करतो, मरीन ग्रेड. खिशातून लोहचुंबक काढून नव्या फिटिंगला लावलं, चिकटलं नाही, बघा 316! मीही विश्वास ठेवला. नंतर कळलं की 304, म्हणजे साधं स्टेनलेस, पण बहुतेक वेळा चुंबकाला धरत नाही आणि ओढून बनवलेली तार 316 ची असली तरी कधीकधी किंचित धरते, म्हणजे त्या चुंबकावरून ग्रेड कळतच नाही. खरा फरक मॉलिब्डेनम या धातूचा, 316 मध्ये ते 2 ते 3 टक्के असतं आणि खाऱ्या पाण्यात त्याचाच उपयोग.

काम चालू असताना मी पुण्यात. व्हॉट्सॲपवर चकचकीत फोटो येत होते, मी पैसे पाठवत होतो. जुन्या तारा मागितल्या तर म्हणाला भंगारात दिल्या साहेब. तिथेच मला संशय यायला हवा होता.

मार्चमध्ये मांडव्याहून गेटवेला परत येत होतो, दुपारचा वायव्येचा वारा बऱ्यापैकी वाढलेला, बोट वाऱ्याच्या विरुद्ध चढवत होतो, बायको आणि मेव्हणा सोबत. वर टण्णकन आवाज झाला आणि पुढचं शीड एकदम ढिलं पडलं. फोरस्टे वरून तुटला होता. मास्ट मागे गेला नाही तो फक्त त्या शिडाच्या हॅलयार्डने, म्हणजे शीड वर ओढायच्या दोरीने, धरला म्हणून. मी लगेच वारा मागून येईल अशी बोट वळवली, मेनशीटचा, म्हणजे मुख्य शिडाच्या दोरीचा, ताण सोडला, मेव्हण्याने स्पिनेकर या जास्तीच्या शिडाचं हॅलयार्ड पुढे नेऊन बोटीच्या नाकाला घट्ट बांधलं. मग इंजिनवर हळूहळू आलो. बायको पूर्ण रस्ता एक शब्द बोलली नाही.

मास्ट उतरवून फर्लर, म्हणजे पुढचं शीड गुंडाळायची यंत्रणा, उघडला तेव्हा कळलं. फोरस्टे फर्लरच्या ॲल्युमिनियमच्या पोकळ नळीच्या (फॉइल) आत असतो, बाहेरून दिसतच नाही, आणि याने तेवढाच फायदा घेतला. खालचं टर्नबकल (तार ताणायचा स्क्रू) आणि ते अडकवायची क्लेव्हिस पिन नवीन, तारेच्या खालच्या टोकाच्या टर्मिनलला बफिंग मारून चकचकीत केलेलं, आत तार तीच जुनी. वरच्या स्वेजला, म्हणजे तारेच्या टोकावर दाबून बसवलेल्या टर्मिनलला, उभी चीर आणि चिरेत तपकिरी गंज, म्हणजे कालपरवाची नाही. मग बाकीच्यांवरही संशय आला म्हणून श्राऊडचा तुकडा कापून कुंभारवाड्यातल्या एका ओळखीच्या स्टीलवाल्याकडून पीएमआय टेस्ट, म्हणजे धातूचा ग्रेड ओळखायची तपासणी, करून आणली. 304 निघाली. बिलावर 316 लिहिलंय, बिल अजून माझ्याकडे आहे. त्याला फोटो पाठवले तर आधी म्हणाला सप्लायरने फसवलं असेल, मी फोरस्टेचं विचारल्यावर ब्लॉकच केलं.

आता दुसऱ्याकडून काम करून घेतलंय, यावेळी दोन दिवस स्वतः उभा राहून. फर्लर माझ्यासमोर उघडायला लावला, तारा बोटीला जिथे अडकतात त्या चेनप्लेट पट्ट्या पण डेकमधून बाहेर काढून बघितल्या, कारण जिथे पाणी साचून राहतं आणि हवा लागत नाही तिथेच स्टेनलेस आतून गंजतं. एक चेनप्लेट निम्मी गेलेली निघाली, पहिल्याने तिला हातही लावला नव्हता. नवीन तारेची टेस्ट बसवायच्या आधी केली. आणि जुन्या तारा सगळ्या मोजून, टोकं बघून मी घरी घेऊन आलोय, गॅलरीत गुंडाळून ठेवल्यात.