बाटलीची वीट का जमली नाही: खेळण्यासाठी कोणता दाणा?

भोसरीत इंजेक्शन मोल्डिंगचं, म्हणजे प्लास्टिकचे दाणे वितळवून साच्यात दाबायचं छोटं युनिट चालवणारा एक मित्र परवा म्हणाला, "दुकानदार 'इको' खेळणी मागायला लागलेत. एबीएस सोडू का? आणि सोडून घेऊ काय?" एबीएस म्हणजे ब्लॉकसाठी वापरतात ते कडक प्लास्टिक. त्याच्याकडे तीन प्रकारचा माल निघतो: एकमेकांत बसणारे ब्लॉक, भातुकलीचे सेट आणि वाळूत खेळायच्या बादल्या-फावडी. मी त्याला म्हटलं, आधी डेन्मार्कच्या लेगो या खेळण्यांच्या कंपनीने यावर काय काय करून पाहिलं ते बघ. २०१५मध्ये त्यांनी या शोधासाठी १ अब्ज क्रोनर बाजूला काढले आणि २०३०ची मुदत घातली. शेकडो प्रकारचे दाणे तपासून झाले. एवढ्या पैशांची शिकवणी आपल्याला फुकट मिळतेय.

एबीएसला हलवणं इतकं जड का, ते ब्लॉक हातात घेतल्यावर कळतं. दोन विटा दाबल्या की 'टक्' आवाज येतो. उलटं धरून हलवलं तरी सुटत नाहीत आणि चार वर्षांचं पोर मात्र नखाने सोडवतं. ही पकड टिकायला साचा मिलिमीटरच्या शंभराव्या भागापेक्षाही अचूक लागतो आणि दाण्याने थंड होताना दरवेळी तेवढंच आकसायला लागतं. एबीएस साधारण अर्धा टक्का आकसतं, तेही भरवशाने. लेगोच्या विटा १९६३पर्यंत सेल्युलोज ॲसिटेट नावाच्या दुसऱ्या प्लास्टिकच्या होत्या, त्या वाकायच्या. एबीएस आल्यावर तो त्रास संपला. १९५८च्या रचनेची वीट आजच्या विटेवर बसते, हे त्या पकडीचंच यश. दोष उघड आहे: कच्चा माल खनिज तेलातला आणि फेकलं तर शतकानुशतकं पडून राहणार.

आता बाटलीची गोष्ट, कारण दुकानदाराला हीच सगळ्यात जास्त आवडते. जून २०२१मध्ये लेगोने वापरून फेकलेल्या पेटच्या (पीईटी, पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक) बाटल्यांपासून केलेली नमुन्याची वीट दाखवली. एक लिटरच्या बाटलीतून आठ खुंट्यांच्या दहा विटा, असा हिशेब होता. त्याआधी पेटचे अडीचशेहून जास्त प्रकार तपासले होते. सप्टेंबर २०२३मध्ये त्यांनी हा नाद सोडला. मोल्डिंगवाल्याला कारण समजावायला लागत नाही. पेट पाणी ओढतं. ओला दाणा मशीनच्या तापत्या नळीत, बॅरलमध्ये, गेला की प्लास्टिकच्या रेणूंच्या साखळ्या तुटतात आणि माल ठिसूळ होतो. एबीएस ऐंशी अंशांवर दोन-चार तास सुकवलं की भागतं, पेटला दीडशेच्या वर तापमान आणि जास्त तास लागतात. शिवाय विटेसाठी ते पुरेसं कडक नव्हतं, म्हणून मिश्रणं घालावी लागली. कारखान्यातली यंत्रणा जवळपास सगळी बदलावी लागली असती आणि एवढं करून एकूण कार्बन उत्सर्जन एबीएसपेक्षा जास्तच भरलं असतं. दाणा भंगारातला असला तरी ड्रायरचं वीजबिल भंगारातलं नसतं.

याउलट उसाचं पॉलिथिलीन. २०१८पासून लेगोची झाडं, पानं, झुडपं ब्राझीलच्या उसातल्या इथेनॉलपासून केलेल्या पॉलिथिलीनची येतात. त्याचा रेणू तेलातल्या पॉलिथिलीनसारखाच असतो. मशीन तेच, साचा तोच, ड्रायर लागत नाही. पण दोन गोष्टी गिऱ्हाईकाला खोट्या सांगू नकोस. एक, हे मातीत कुजत नाही. दोन, यातून ब्लॉक होणार नाही: ते मऊ असतं आणि थंड होताना एबीएसच्या तिप्पट-चौपट आकसतं. लेगोतही सुरुवातीला हे भाग एकूण उत्पादनाच्या एक-दोन टक्केच होते.

सध्या लेगोचा जास्त भर आहे तो मास बॅलन्सवर, आणि इथेच लोकांचा गोंधळ उडतो. डेअरीचा टँकर डोळ्यांपुढे आण. शंभर गोठ्यांचं दूध एकत्र होतं. तुझ्या पिशवीत कुणाच्या गाईचं आलं ते सांगता येत नाही, पण किती लिटर कुणी घातलं ते वहीत असतं. तसंच पेट्रोकेमिकल प्रकल्पात खनिज तेलासोबत वापरलेलं खाद्यतेल वगैरे घालतात आणि त्याचा वाटा प्रमाणपत्रावर दाखवून विकतात. हाती येतं ते नेहमीचंच एबीएस, म्हणून साच्याला, मशीनला, पकडीला काही होत नाही. लेगोने २०२४च्या पहिल्या सहामाहीत घेतलेल्या दाण्यापैकी ३० टक्के असा प्रमाणित होता, म्हणजे एकूण दाण्यात अक्षय किंवा पुनर्वापराच्या स्रोतांचा वाटा सरासरी २२ टक्के धरला होता. किंमत? काही दाण्याला सत्तर टक्क्यांपर्यंत जास्त, आणि हा बोजा गिऱ्हाइकावर टाकणार नाही असं कंपनीने सांगितलं. त्यांना ते परवडतं. तुझ्या माझ्या नफ्यातून सत्तर टक्के निघत नाहीत.

पीएलए, म्हणजे मक्याच्या स्टार्चपासूनचं, दिसायला सुरेख. पण ते साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं. मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेली पीएलएची छोटी गाडी मी स्वतः चाकांवर बसलेली पाहिलीय. आपल्या हवेत नकोच.

लाकडाचं म्हणशील, तर लेगोची सुरुवात १९३२मध्ये लाकडी खेळण्यांनीच झाली होती. १९६०च्या आगीनंतर त्यांनी ती बंद केली. आपल्याकडे सावंतवाडीची लाकडी फळं-भाज्या आहेतच. भातुकलीला लाकूड शोभतं. पण तो सुतारांचा आणि रंगाऱ्यांचा धंदा, तुझी मशीनं त्यात बसणार नाहीत.

एक धोका मात्र आवाज चढवून सांगतो. स्वस्तात मिळणारा काळा 'रिसायकल एबीएस' दाणा. तो बरेचदा जुन्या टीव्ही-कीबोर्डच्या खोक्यांचा असतो आणि त्या खोक्यांत आग रोखायला ब्रोमिनची रसायनं घातलेली असतात. पोर खेळणं तोंडात घालतं. कितीही हिरवं लेबल लावलं तरी हा दाणा मशीनच्या हॉपरमध्ये (दाणा ओतायच्या नरसाळ्यात) जाऊ देऊ नकोस. तसंही १ जानेवारी २०२१पासून खेळण्यांना आयएसआय शिक्का सक्तीचा आहे. दाणा बदलताना प्रयोगशाळेचा खर्च आधीच धर.

मग त्याने काय करावं? बादल्या-फावड्यांपासून सुरुवात. जाड भिंतीचा एकसंध माल, पकडीचा प्रश्न नाही. तिथे उसाचं पॉलिथिलीन चालेल. ते महाग वाटलं तर दुधाच्या बाटल्या-कॅनचं, कुठून आलं ते माहीत असलेलं, पुनर्वापराचं एचडीपीई, म्हणजे पॉलिथिलीनचाच जरा कडक प्रकार. अमेरिकेत दुधाच्या कॅनपासून खेळणी करणाऱ्या कंपन्या आहेतच. भातुकलीतल्या ताटल्या त्यानंतर. ब्लॉक मात्र एबीएसचेच राहू देत, आणि मोठ्या दुकानदाराने प्रमाणपत्राचे पैसे वेगळे मोजले तरच मास बॅलन्सचा दाणा.

त्याने विचारलं, "आणि बाटलीचं ब्लॉक हवंच म्हणाले तर?" म्हटलं, आधी ड्रायरचं कोटेशन घे आणि ते त्यांच्या टेबलावर ठेव.